असामोआ ग्यान : ती एक पेनल्टी सोडून बाकी करिअर कसं होतं? एका पोराला सांगायचंय

परळचा_विंगर

नमस्कार मंडळी, प्रश्न जरा लांब आहे, समजून घ्या.

आम्ही तीन-चार जुने मित्र रविवारी सकाळी परळला १४ वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, फी वगैरे काही नाही, बॉल आणि बिब्ज आमच्याच खिशातून. गेल्या महिन्यात एका टूर्नामेंटच्या क्वार्टरफायनलला शेवटच्या मिनिटाला आम्हाला पेनल्टी मिळाली, आमच्या स्ट्रायकरने मारली, बारला लागून वर गेली आणि मग शूटआउटमध्ये आम्ही हरलो. पोरगा १३ वर्षांचा आहे. त्या दिवसापासून तो डीच्या (गोलसमोरच्या चौकटीच्या) आत पायच टाकत नाही, बॉल आला की लगेच दुसऱ्याला देऊन मोकळा होतो, आणि मागच्या रविवारी मला बाजूला घेऊन म्हणाला सर मला डिफेन्सला टाका. बाकीची पोरं त्याला काही बोलत नाहीत पण एका पालकाने त्याच्या तोंडावर म्हटलं की तुझ्यामुळे गेलं सगळं, ते त्याच्या डोक्यात बसलंय.

मला लगेच घानाचा स्ट्रायकर ग्यान आठवला. २०१० च्या वर्ल्डकपची घाना-उरुग्वे क्वार्टरफायनल आम्ही करी रोडच्या चाळीत बघितली होती, आपल्याकडे रात्री १२ ला सुरू झालेली, जुलैचा पाऊस, केबल सारखी जात होती, आणि उरुग्वेच्या सुआरेझने गोलमध्ये जाणारा बॉल हाताने अडवला तेव्हा अख्खा मजला उठून उभा. मग ग्यानने पेनल्टी बारला मारली आणि कोणी काही बोललंच नाही, माझे बाबा, ज्यांना फुटबॉलमधलं काही कळत नाही, ते म्हणाले अरे त्या पोराला घरी कोण समजावेल आता.

पण मला त्याच्या पुढचं नीट माहीतच नाही. ऑफिसमधला एकजण म्हणतो त्यानंतर तो संपला, पैशासाठी अरबांकडे गेला आणि करिअर वाया घालवलं. तसं असेल तर ही गोष्ट पोराला सांगून उलटच व्हायचं. कोणी फॉलो केलंय का त्याला? खरं काय ते सांगा, गोड करून सांगू नका.

अंधेरी_नॉर्थस्टँड

दादा, संपला म्हणणाऱ्या माणसाने बहुतेक ती एकच क्लिप बघितली असेल. मी ग्यानला २००६ पासून बघतोय त्यामुळे थोडं लांब लिहितो.

अक्राचा मुलगा, लिबर्टी प्रोफेशनल्सकडून खेळायचा, २००३ मध्ये इटलीच्या उदिनेसेने उचलला तेव्हा जेमतेम १७-१८ वर्षांचा. तिथून मोडेना क्लबला लोनवर, म्हणजे उसना, आणि तेही सेकंड डिव्हिजनला. आफ्रिकेतून थेट इटलीत गेलेल्या पोराची ही वर्षं कशी जातात ते आपल्याला टीव्हीवर दिसत नाही, भाषा वेगळी, थंडी, बेंचवर बसणं. मग २००६ चा वर्ल्डकप, घानाचा पहिलाच, आणि झेक रिपब्लिकविरुद्ध ६८ व्या सेकंदाला गोल! त्या वर्ल्डकपचा सगळ्यात फास्ट गोल तो. आणि हे तुमच्या पोराला नक्की सांगा, त्याच मॅचमध्ये त्याने पेनल्टीही घालवली होती, पोस्टला लागली. घाना २-० ने जिंकलं म्हणून ती कोणाच्या लक्षात नाही.

२००८ ला आफ्रिका कप घानातच होता, तिथे नामिबियाविरुद्ध १-० ने जिंकूनही लोकांनी त्याच्यावर एवढी टीका केली की तो आणि त्याचा भाऊ बाफुर, दोघंही टीममध्ये होते, कॅम्प सोडून घरी जायला निघाले होते, बाकीच्या प्लेअर्सनी समजूत काढून थांबवलं. म्हणजे स्वतःच्या देशात स्वतःच्या लोकांकडून. दोन वर्षांनी अंगोलातल्या आफ्रिका कपमध्ये घाना फायनलला गेलं तेव्हा टीमच्या एकूण ४ गोलांपैकी ३ याचे होते. फ्रान्समध्ये रेनकडून त्या सीझनला लीगमध्ये १३ गोल. मग साऊथ आफ्रिकेतला २०१० चा वर्ल्डकप, सर्बियाविरुद्ध पेनल्टीवर गोल, ऑस्ट्रेलियाविरुद्ध पेनल्टीवर गोल, अमेरिकेविरुद्ध एक्स्ट्रा टाइममध्ये विनिंग गोल. घानाला क्वार्टरफायनलपर्यंत आणला त्यानेच, त्यातले दोन गोल पेनल्टीचे, म्हणजे उरुग्वेविरुद्ध बॉल त्याच्याच हातात दिला यात काही चूक नव्हती.

आणि आता जी गोष्ट लोक विसरतात. बारला लागल्यावर मॅच १-१ राहिली, शूटआउट झालं, आणि घानाची पहिली किक मारायला कोण गेला? ग्यान. काही मिनिटांपूर्वी ज्याच्या पायातून आफ्रिकेची पहिली सेमीफायनल निसटली तो परत त्याच स्पॉटवर उभा राहिला आणि समोर तोच गोलकीपर मुस्लेरा. गोल, वरच्या कोपऱ्यात. पुढे मेन्सा आणि अदियियाची किक अडवली म्हणून ४-२ ने हरले, पण ग्यानने त्याची मारली होती. मी जर कोच असतो तर पोराला तीच किक दाखवली असती, बारवाली नाही.

मिडफिल्ड_माहीम

वरचं सगळं बरोबर आहे पण प्रश्न "पुढे काय" असा होता आणि तिथे मला थोडं वेगळं म्हणायचंय.

वर्ल्डकपनंतर लगेच ऑगस्ट २०१० मध्ये इंग्लंडच्या संडरलँडने त्याला घेतला, साधारण १.३ कोटी पौंड, क्लबचा तेव्हाचा रेकॉर्ड. पहिल्याच मॅचला विगनविरुद्ध सबस्टिट्यूट म्हणून येऊन गोल. चेल्सीला त्यांच्या घरी ३-० ने हरवलं त्यात एक गोल याचा. पहिल्या सीझनला लीगमध्ये १० गोल. मार्च २०११ मध्ये वेम्बलीवर इंग्लंड-घाना फ्रेंडली होती, शेवटच्या क्षणी ग्यानने १-१ केलं, घानाचे पाठीराखे हजारोंनी आले होते, ते कसे नाचले ते बघण्यासारखं आहे. म्हणजे उरुग्वेनंतर नऊ महिन्यांत हा माणूस वेम्बलीवर गोल मारतोय, तो संपला कसा?

पण सप्टेंबर २०११ मध्ये तो युएईतल्या अल ऐन क्लबला गेला, वय २५. आधी लोनवर, मग कायमचा. मला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं आणि आजही वाटतं. २५ ते २९ ही स्ट्रायकरची ऐन भरातली वर्षं असतात, तो प्रीमियर लीगमध्ये राहिला असता तर ड्रोग्बा, एटो या आफ्रिकेच्या मोठ्या स्ट्रायकरांच्या रांगेत त्याचं नाव लोकांनी सहज घेतलं असतं. त्याला कमी लेखत नाहीये मी. मला तो तेवढा मोठा वाटतो म्हणूनच हळहळ वाटते. युएईमध्ये त्याने ढिगाने गोल केले, पहिल्या सीझनला १८ मॅचमध्ये २२, पुढच्याला ३१, त्याच्या पुढच्याला २९, पण ते बघितले कोणी?

चिपळूणकर_मुलुंड

मिडफिल्डभाऊ, फुटबॉलमधलं तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं हे मान्य, पण "पैशासाठी गेला" हे जे लोक म्हणतात ना, त्याच्यावर मला बोलायचंय कारण आमच्याकडे हा विषय घरातला आहे.

आमच्या आळीत निम्मी घरं गल्फच्या पैशावर उभी आहेत. माझा मोठा काका १९८० च्या दशकात मुंबईतली मिलची नोकरी गेल्यावर दुबईला गेला, वेल्डर होता, तिथे १९ वर्षं काढली, तीन बहिणींची लग्नं केली, आमचं घर स्लॅबचं केलं. त्याला कोणी म्हटलं का की बाबा तू तुझी ऐन वर्षं वाया घालवलीस? उलट गावात आला की मान मिळायचा. मग फुटबॉल खेळणाऱ्याने तेच केलं तर तो लोभी कसा? त्याचं करिअर १२-१३ वर्षांचं असतं, एक गुडघा गेला की खेळ खलास, तिथे पगारावर इन्कमटॅक्स नाही, आणि मागे घरी, नातेवाईक, गल्ली, सगळे त्याच्याकडे डोळे लावून बसलेले. युरोपातल्या प्लेअरच्या मागे असं पन्नास माणसांचं ओझं नसतं बहुतेक वेळा.

आणि "बघितले कोणी" म्हणजे काय हो? अल ऐनच्या लोकांनी बघितले, आमच्या गावची पोरं तिथे ड्युटी संपवून स्टेडियमला जायची त्यांनी बघितले! माझा चुलतभाऊ तेव्हा अल ऐनला एसी मेकॅनिक होता, शुक्रवारी बसने जायचे सगळे, मल्याळी, पठाण, आपले कोकणातले, सगळे एका स्टँडमध्ये, आणि ग्यान गोल मारून नाचायला लागला की हे पण नाचायचे. त्याच्याकडे अजून ती जांभळी जर्सी आहे.

अंधेरी_नॉर्थस्टँड

@चिपळूणकर_मुलुंड जबरदस्त लिहिलंत. त्यात थोडी भर, अल ऐनकडून त्याने तीन वेळा लीग जिंकली आणि २०१४ च्या एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये १२ गोल मारून टॉप स्कोअरर होता, क्लब सेमीफायनलला गेला. आणि त्याच वर्षी ब्राझील वर्ल्डकपला कॅप्टन म्हणून जाऊन जर्मनीविरुद्ध गोल (२-२, पुढे वर्ल्डकप जिंकलेली हीच जर्मनी) आणि पोर्तुगालविरुद्ध गोल. वर्ल्डकपमध्ये एकूण ६, रॉजर मिलाचे ५ होते, म्हणजे वर्ल्डकपमध्ये सगळ्यात जास्त गोल मारलेला आफ्रिकन प्लेअर झाला तो, आणि तेव्हा तो युएईतल्याच क्लबचा प्लेअर होता. त्यामुळे अरबांकडे जाऊन खेळ उतरला असं म्हणता येत नाही मला तरी. घानासाठी एकूण १०९ मॅच, ५१ गोल, देशाचा रेकॉर्ड.

शांघायला २०१५ मध्ये गेला ते मात्र जमलं नाही हे कबूल, पगार प्रचंड होता पण दुखापती सुरू झाल्या, मग दुबईच्या अल अहलीला लोन, मग तुर्कीत कायसेरीस्पोर, तिथेही बराच काळ बाहेरच. २९ नंतरची घसरण खरी आहे, ती लपवायची गरज नाही.

मिडफिल्ड_माहीम

चिपळूणकर, तुमच्या काकांचं वाचून मी "बघितले कोणी" हे शब्द मागे घेतो, चुकीचे होते. हळहळ मात्र राहू द्या, ती माझ्यापुरती आहे.

परळच्या दादांसाठी एक महत्त्वाचं राहिलं. पेनल्टीची गोष्ट २०१० ला संपत नाही. २०१२ च्या आफ्रिका कपची सेमीफायनल, झांबियाविरुद्ध, परत ग्यान, परत पेनल्टी, परत हुकली, आणि घाना ०-१ ने हरलं. तेव्हा मात्र देशात इतकं काहूर उठलं की तो काही काळ घानाच्या टीमपासून लांब राहिला. त्याच्या आईने त्याला सांगितलं होतं की बाळा आता देशासाठी पेनल्टी मारू नकोस, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ती गाडीच्या अपघातात गेली. त्याने तो शब्द पाळला. २०१३ च्या आफ्रिका कपमध्ये घानाच्या पेनल्टी वाकासो मारत होता. २०१५ च्या फायनलला आयव्हरी कोस्टविरुद्ध एक्स्ट्रा टाइम संपता संपता त्याला बाहेर काढलं, शूटआउट त्याने बेंचवरून बघितलं, ८-९ ने हरले. त्याच स्पर्धेत मलेरियातून उठून आला होता आणि अल्जीरियाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये विनिंग गोल मारला होता.

म्हणून मला वाटतं पोराला "ग्यानने परत मारली, तू पण मार" एवढंच सांगू नका. ग्यानने परत मारली हे खरं, आणि पुढे एकदा त्याने नाही मारणार असंही ठरवलं हेही खरं, पण म्हणून स्ट्रायकर राहणं नाही सोडलं. पेनल्टी नको म्हणणं आणि डिफेन्सला टाका म्हणणं यात फरक आहे. पोराला पेनल्टीपासून सुट्टी द्या हवं तर, डीपासून देऊ नका.

बदलीवाला

उशिरा लिहितोय पण मी ग्यानला प्रत्यक्ष खेळताना बघितलंय आणि तेही भारतात, म्हणून राहवत नाही.

२०१९ ला माझी बँकेतून गुवाहाटीला बदली झाली होती, एकटाच राहायचो, जेवणाचे हाल, मराठी बोलायला कोणी नाही. आणि त्याच सप्टेंबरमध्ये बातमी आली की तिथल्याच नॉर्थईस्ट युनायटेड क्लबने ग्यानला घेतलं. खरं सांगतो मला पटेना, वर्ल्डकपमध्ये ६ गोल मारलेला माणूस आणि मी ज्या गावात रिक्षाला हात करतोय त्याच गावात! २७ नोव्हेंबरला आपली मुंबई सिटी तिथे आली, मी मुंबईचा निळा शर्ट घालून सरुसजाईच्या स्टेडियमला गेलो, आजूबाजूला सगळे त्यांचे. ट्रियाडिसने त्यांचा पहिला मारला, मग आपल्या शेर्मितीने दोन, आपण २-१ पुढे, आणि हाफटाइमच्या आधी ग्यानने बरोबरी केली. २-२ ला सुटली.

वय ३४ झालेलं, वेग गेला होता, सुरुवातीला मी म्हटलं हा काय खेळणार. पण उभं कुठे राहायचं हे त्याला असं कळायचं की बाकीचे धावत असायचे आणि बॉल याच्याकडे यायचा. पाठ गोलकडे, डिफेंडरला कमरेने टेकून धरायचा, एका टचमध्ये बॉल विंगला आणि स्वतः वळून डीमध्ये. माझ्या मुलाला मी अजून ते करून दाखवतो, जमत नाही मला पण दाखवतो. पोरांना शिकवायचं असेल तर हे शिकवा, गोलकडे पाठ करून बॉल कसा धरायचा.

आणि मिडफिल्डभाऊंनी पेनल्टीचं लिहिलंय त्याच्या पुढची गोष्ट माझ्याकडे आहे. डिसेंबरमध्ये कोचीला केरळा ब्लास्टर्सविरुद्ध नॉर्थईस्ट ०-१ ने मागे होती, पेनल्टी मिळाली आणि मारायला गेला ग्यान. मी रूमवर एकटा टीव्हीसमोर, हातात मॅगीची वाटी, आणि पोटात गोळा. गोल. १-१. क्लबसाठी मारलेली होती, आईचा शब्द देशासाठी होता, पण मला त्या क्षणी जोहान्सबर्गच आठवलं.

त्या सीझनला त्याने ८ मॅचमध्ये ४ गोल केले, मग जानेवारीत दुखापत झाली आणि गेला. ३१ जानेवारीला नॉर्थईस्ट अंधेरीला खेळायला आली तेव्हा तो टीममध्ये नव्हता, मी माझ्या भावाला तिकीट काढायला लावलं होतं, त्याला ग्यान बघायला मिळाला नाही याचं मलाच जास्त वाईट वाटलं.

कूपरेजचा_जुना_प्रेक्षक

मुलांनो, फार छान चर्चा चालली आहे. घानाचा स्ट्रायकर म्हटलं की आमच्या पिढीला कूपरेजवर दिसतो तो युसूफ याकुबू. गोव्याच्या चर्चिल ब्रदर्सकडून आधी आणि मग आपल्या महिंद्रा युनायटेडकडून. ग्यानसारखं नाव जगभर झालं नाही, पण हाही आपलं घर सोडून हजारो मैल लांब येऊन खेळला आणि इथलाच झाला. महिंद्राने २००५-०६ ला डेरिक परेरांच्या हाताखाली नॅशनल लीग जिंकली तेव्हा मुंबईच्या क्लबने पहिल्यांदाच ती जिंकली होती, आणि २०१० मध्ये क्लबच बंद झाला. त्यानंतर बरीच वर्षं माझं कूपरेजला जाणं सुटलं.

परळकर, त्या पोराला मैदानातून उचलू नका आणि त्या पालकाशी तुम्ही स्वतः बोला, पोराच्या समोर नाही, बाजूला घेऊन. ते काम पोराचं नाही, तुमचं आहे.

परळचा_विंगर

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. काकांनी सांगितलं ते पहिलं केलं, त्या पालकाला फोन केला, आधी जरा तापले, मग म्हणाले रागात बोलून गेलो, रविवारी येऊन पोराशी बोलतो. बघू.

काल संध्याकाळी पोराला आणि अजून दोघांना घरी बोलावलं होतं. बारवाली क्लिप मी दाखवली नाही, त्याला ती माहीतच होती, म्हणाला सर मी त्या रात्री मोबाइलवर बघितली. मग शूटआउटची पहिली किक दाखवली. ती त्याने बघितली नव्हती. दोनदा बघितली. मग बदलीवाल्यांचं कोचीचं सांगितलं, आईचं सांगितलं, चिपळूणकरांच्या चुलतभावाची जर्सी पण सांगितली. आईचं ऐकून तो बराच वेळ गप्प होता. पेनल्टीचं मी काही विचारलं नाही, एवढंच म्हटलं की रविवारी तू वरच खेळणार आहेस, किक दुसरा कोणी मारेल. मान हलवली त्याने, हो पण नाही आणि नाही पण नाही. जाताना दारात चपला घालताना विचारलं, सर त्या दोन किकच्या मध्ये तो कोणाशी बोलला का? मला उत्तर देता आलं नाही.

@बदलीवाला तुम्ही आता मुंबईत परत आला असाल तर रविवारी ७ ला मुलाला घेऊन परळला या ना, ते पाठ करून बॉल धरायचं दाखवायला, जमत नाही म्हणालात तरी चालेल. पाऊस असला तर ८ पर्यंत थांबतो आम्ही, समोरच्या टपरीवर.

बदलीवाला

येतो. मुलगा ११ चा आहे, चालेल ना? बूट नाहीत त्याच्याकडे, कॅनव्हासवर खेळतो.

परळचा_विंगर

चालेल की. बूट आहेत आमच्याकडे एक्स्ट्रा, साइज कळवा.